अल्टमनबाईंना चित्रं मिळाली, मग आपल्याला वाघनखं उसनी का?

साताऱ्यात वाघनखं आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात पैसे मोजून सोडवावी लागली. आणि तिकडे व्हिएन्नातून जीव घेऊन पळालेल्या मारिया अल्टमन या बाईंनी उतारवयात ऑस्ट्रियाच्या सरकारला अमेरिकेतल्या कोर्टात खेचलं आणि गुस्ताव क्लिम्टची पाच चित्रं परत घेतली. तेव्हा युद्धात लुटलेलं परत मिळवायचा काही कायदा आहे की नाही, आणि असेल तर तो आपण का वापरत नाही, असा हा प्रश्न आहे.

कायदा आहे. आपल्या वस्तूंना तो बहुतेक वेळा लागू पडत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

या विषयात वकिली करताना अशिलाला पहिल्याच बैठकीत एक गोष्ट सांगावी लागते. ‘ही वस्तू कोणाची?’ हा प्रश्न कोर्ट सगळ्यात शेवटी विचारतं आणि बरेचसे दावे तिथवर पोचतच नाहीत. आधी बघितलं जातं की हे प्रकरण ऐकायचा या कोर्टाला अधिकार आहे का. मग मुदत टळली आहे का. मग आज ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याने ती कशी मिळवली, आणि त्याच्या देशाचा कायदा त्याला मालक मानतो का. लूट झाली होती हे समोरचा वकीलही नाकारत नाही आणि तरी दावा फेटाळला जातो, असं सर्रास घडतं. म्हणून अल्टमन प्रकरण बारकाईने बघायला हवं. त्या जिंकल्या हे सगळ्यांना माहीत असतं, कशाच्या जोरावर जिंकल्या हे फारसं कोणी सांगत नाही.

आडेले ब्लॉख-बाउअर या व्हिएन्नातल्या एका ज्यू साखरसम्राटाच्या पत्नी. क्लिम्टने १९०७ मध्ये पूर्ण केलेलं त्यांचं सोनेरी व्यक्तिचित्र आज जगप्रसिद्ध आहे. १९२३ च्या मृत्युपत्रात त्यांनी लिहिलं होतं की क्लिम्टची चित्रं आपल्या पतीने त्याच्या पश्चात सरकारी गॅलरीला द्यावीत, अशी विनंती आहे. १९२५ मध्ये त्या वारल्या. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा पती फर्डिनांड यांनी देश सोडला आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये त्यांचंही परदेशातच निधन झालं. मधल्या काळात एरिश फ्यूरर नावाच्या नाझी वकिलाने (हिटलरची उपाधीही ‘फ्यूरर’, पण याचं आडनाव खरंच हेच होतं) त्यांच्या मालमत्तेची विल्हेवाट लावली. सोनेरी चित्र १९४१ मध्ये गॅलरीत पोचलं आणि सोबतच्या पत्राच्या शेवटी ‘हाइल हिटलर’ होतं. फर्डिनांड यांनी मात्र आपलं सगळं एक पुतण्या आणि दोन पुतणी यांच्या नावे केलं होतं. त्यांतल्या एक मारिया अल्टमन. दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या होत्या, त्यामुळे मारिया फर्डिनांड यांच्या पुतणी आणि आडेले यांच्या भाची.

युद्ध संपल्यावर वारस चित्रं मागायला गेले, तेव्हा ऑस्ट्रियाने निर्यातबंदीचा कायदा पुढे केला. बाकीच्या वस्तू देशाबाहेर न्यायचा परवाना हवा असेल, तर क्लिम्टची चित्रं गॅलरीचीच आहेत हे मान्य करा. १९४८ मध्ये घराण्याच्या वकिलाने तसं लिहून दिलं. असा प्रकार तेव्हा अनेक ज्यू कुटुंबांच्या वाट्याला आला. ‘लूट’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सैनिक येतात, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींमध्ये सैनिक क्वचित असतो. दानपत्र असतं, विक्रीची पावती असते, परवान्याचा अर्ज असतो आणि खाली मालकाची स्वतःची सही असते.

पुढची पन्नास वर्षं काही हललं नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रियाने कलाकृती परत करण्याचा कायदा केला आणि सरकारी दप्तरं उघडली. हुबर्टुस चेर्निन या पत्रकाराने ती चाळल्यावर दिसलं की आडेले यांनी चित्रं गॅलरीला दिली, ही जी गोष्ट गॅलरी इतकी वर्षं सांगत होती तिला कागदाचा आधार नाही. तरी सरकारी समितीने १९९९ मध्ये नकार दिला. काही रेखाटनं आणि चिनी मातीची भांडी तेवढी परत केली. अल्टमनबाईंनी ऑस्ट्रियातच दावा लावायचं ठरवलं तर तिथे कोर्ट फी दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात. फीमध्ये सवलत मागून मागून आकडा साडेतीन लाख डॉलरच्या आसपास आला. तेवढे पैसे त्यांच्याकडे नव्हते. दावा मागे घेतला.

आता खरी गंमत. अमेरिकेत परकीय सरकारांवर सहसा दावा चालत नाही, पण १९७६ च्या एका कायद्यात अपवाद आहेत. आंतरराष्ट्रीय कायदा मोडून मालमत्ता घेतली असेल आणि ती ज्या सरकारी संस्थेच्या ताब्यात आहे ती अमेरिकेत व्यापारी व्यवहार करत असेल, तर दावा चालतो. आता व्हिएन्नातलं संग्रहालय अमेरिकेत कसला व्यापार करणार? ते आपल्या संग्रहाची इंग्रजी पुस्तकं काढून तिथे विकत होतं, आणि त्यांत हीच चित्रं छापलेली होती. तेवढं पुरलं. २००० साली कॅलिफोर्नियात दावा लागला, तेव्हा बाई ८४ वर्षांच्या होत्या. त्यांचे वकील रँडल शोनबर्ग हे संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांचे नातू. ऑस्ट्रियाचं म्हणणं होतं की १९७६ चा कायदा १९४० च्या दशकातल्या घटनांना लावता येणार नाही. ७ जून २००४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी ठरवलं की लावता येईल.

या निकालात चित्रं कोणाची याबद्दल एक अक्षर नाही. दावा चालवता येईल, एवढंच ठरलं. पण तेवढ्यावर डाव फिरला. आणखी कितीतरी वर्षं अमेरिकेत खटला लढायचा, कागद बाहेर काढायचे, वर्तमानपत्रांत रोज नाव यायचं, यापेक्षा तडजोड बरी असं ऑस्ट्रियाला वाटलं. आणि बाईंनाही वय परवडणारं नव्हतं. २००५ मध्ये दोघांनी मिळून प्रकरण ऑस्ट्रियातल्याच तीन लवादांकडे सोपवलं. हा फार धाडसी निर्णय होता, कारण निकाल विरुद्ध गेला असता तर पुढे दाद नव्हती. जानेवारी २००६ मध्ये लवादांनी सांगितलं की आडेले यांनी विनंती केली होती, ती पतीवर बंधनकारक नव्हती, आणि चित्रं मुळात फर्डिनांड यांच्या मालकीची. पाच चित्रं वारसांना मिळाली, सहावं मिळालं नाही. सोनेरी चित्र त्याच वर्षी रोनाल्ड लॉडर यांनी न्यूयॉर्कच्या नॉय गॅलरीसाठी घेतलं. तेव्हा किंमत १३.५ कोटी डॉलर सांगितली गेली.

म्हणजे चित्रं देण्याचा निर्णय अमेरिकेच्या कोर्टाने दिला नाही, ऑस्ट्रियातल्या लवादाने दिला. अमेरिकेच्या कोर्टाने फक्त ऑस्ट्रियाला टेबलावर बसायला भाग पाडलं. माझ्या मते या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या यशाची गोष्ट अशीच आहे. समोरच्याला वस्तू जवळ ठेवणं अडचणीचं होईल असं काहीतरी घडवून आणायचं आणि मग बोलणी करायची.

एगॉन शिलेचं ‘वॉलीचं व्यक्तिचित्र’ घ्या. लेआ बोंदी या व्हिएन्नातल्या ज्यू गॅलरीवाल्या बाईंकडून ते १९३९ मध्ये एका नाझी दलालाने घेतलं. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने ते भलत्याच कुटुंबाच्या चित्रांत मिसळून ऑस्ट्रियाला दिलं आणि पुढे ते रुडॉल्फ लेओपोल्ड या संग्राहकाकडे गेलं. व्हिएन्नात बसून वारसांनी कितीही पत्रं लिहिली असती तरी उपयोग नव्हता. पण १९९७ च्या अखेरीस ते चित्र प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कला आलं. जानेवारी १९९८ मध्ये ते परत जायच्या बेताला असताना तिथल्या सरकारी वकिलाने ते रोखलं. राज्याच्या कोर्टाने ती कारवाई रद्द केली, तर लगोलग केंद्र सरकारने चोरीचा माल म्हणून जप्त केलं. खटला बारा वर्षं चालला. २०१० मध्ये, सुनावणी तोंडावर आलेली असताना, लेओपोल्ड संग्रहालयाने वारसांना १.९ कोटी डॉलर दिले आणि चित्र ठेवून घेतलं. शिवाय त्याचा खरा इतिहास शेजारी लिहून लावायचं कबूल केलं. या एका जप्तीने सगळी संग्रहालयं हादरली. ऑस्ट्रियाचा १९९८ चा कायदा आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ४४ देशांनी मान्य केलेली वॉशिंग्टनची तत्त्वं, दोन्हींमागे ही धास्ती होती. ती तत्त्वं कोणावरही बंधनकारक नाहीत. ‘न्याय्य आणि रास्त तोडगा’ काढावा एवढंच सांगतात.

याच्या उलट लिली कासिरेर यांचं प्रकरण. पावसात भिजलेल्या पॅरिसच्या रस्त्याचं कामिय पिसारोचं १८९७ चं चित्र त्यांना १९३९ मध्ये जर्मनी सोडायच्या परवान्यासाठी द्यावं लागलं. बदल्यात ९०० मार्क, तेही त्यांना काढता न येणाऱ्या खात्यात. आज ते माद्रिदच्या थिसेन संग्रहालयात आहे. लूट मान्य, ओळख मान्य. पण स्पेनच्या कायद्यात ठरावीक वर्षं उघडपणे, मालक म्हणून ताबा ठेवला की मालकी मिळते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात चोराकडून आलेल्या वस्तूवर कोणालाच चांगला हक्क मिळत नाही. वीस वर्षं भांडण आहे ते यातला कोणता कायदा लावायचा यावर. दावा २००५ चा. २०२२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन खाली आलं, २०२४ च्या जानेवारीत संग्रहालय जिंकलं, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने खास कायदा केला, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीचा निकाल रद्द करून पुन्हा विचार करायला सांगितलं. चित्र शोधून काढणारे नातू या मधल्या काळात वारले. नैतिक बाजू अल्टमनबाईंइतकीच भक्कम, फक्त वस्तू अडचणीच्या देशात.

कागदांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण खरं काम तिथे असतं. चित्र तपासायला मिळालं की पुढून बघायच्या आधी ते उलटं करायचं. मागच्या लाकडी चौकटीवर लिलावांच्या चिठ्ठ्या, जकातीचे शिक्के, पेन्सिलीने लिहिलेले आकडे, खडूच्या खुणा असतात. फ्रान्समध्ये ज्यूंच्या घरांतून चित्रं उचलणाऱ्या, नाझी नेता रोझेनबर्ग याच्या पथकाने प्रत्येक संग्रहाला संक्षेपाक्षर दिलं होतं आणि पुढे अनुक्रमांक. रॉथशिल्ड घराण्याला ‘आर’. अशी खूण सापडली तर अर्धी लढाई तिथेच संपते. चिठ्ठी खरवडून काढल्याचा डाग दिसला तर तोही पुरावाच, कोणीतरी काहीतरी लपवलं होतं याचा. नोंदी ठेवायची ही नाझी हौस आज आमच्या उपयोगाची ठरते. शिवाय पॅरिसच्या ज द पोम संग्रहालयातल्या रोझ वालां यांच्यासारखी माणसं. जर्मन समजत होते की या बाईंना आपली भाषा कळत नाही, आणि त्या कोणती पेटी कुठे चालली हे गुपचूप टिपून ठेवत होत्या.

आम्स्टरडॅमचे व्यापारी याक खाउडस्टिकर मे १९४० मध्ये बायकोमुलाला घेऊन बोटीने पळाले आणि रात्री अंधारात बोटीच्या तळघरात पडून मेले. त्यांच्याजवळ एक छोटी काळी वही होती. तीत हजाराहून अधिक चित्रांची नोंद. मागे राहिलेला माल नाझी नेता गोअरिंगने मातीमोल भावात घेतला. त्या वहीच्या जोरावर नेदरलँड्सच्या सरकारने २००६ मध्ये २०२ चित्रं वारसांना परत केली. पण त्याच वहीतली, क्रानाखने रंगवलेली आदम आणि ईव्ह यांची जोडी कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन सायमन संग्रहालयाकडे राहिली. का? युद्धानंतर ती डच सरकारने आपल्या अधिकारात दुसऱ्याला विकली होती आणि परकीय सरकारची अधिकृत कृती अवैध ठरवणं आमचं काम नाही, असं अमेरिकेच्या अपील कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं. एकच मालक, एकच वही, दोन निकाल.

सरकारच्या कृतीत कोर्टाने नाक खुपसायचं नाही, हा नियम वाचताना मला दर वेळी पुणं आठवतं. या नियमाची पाळंमुळं शोधताना पाठ्यपुस्तकांत जे निकाल समोर येतात त्यांतला एक मराठी मुलखातला आहे. पेशव्यांचे खजिनदार नारोबा गोविंद औटी १८१८ मध्ये रायगडावर होते. खासगी मालमत्तेला हात लावणार नाही अशा अटीवर गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. तरी पुण्यात त्यांच्याकडचा खजिना कॅप्टन रॉबर्टसनने जप्त केला. पेशवाई बुडाल्यानंतरचा बंदोबस्त तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे होता. प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि विशेष म्हणजे तिथे इंग्रज न्यायाधीशांनी एल्फिन्स्टन आणि रॉबर्टसन यांच्याविरुद्ध निकाल दिला. मग अपील लंडनला. १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल उलटवला: जप्ती झाली तेव्हा युद्ध पुरतं संपलेलं नव्हतं, ही युद्धातली कारवाई आहे, आणि तिच्यावर दिवाणी कोर्टाला बोलायचा अधिकार नाही. ‘एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद’ म्हणून हा निकाल पुढे कितीतरी वेळा उद्धृत झाला. आपल्या वस्तूंसाठी कोर्टाचा रस्ता का नाही, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. तो रस्ता त्याच पिढीत चोखाळून झाला होता आणि वरून बंद करण्यात आला.

उरलेलं अर्धं उत्तर तारखांमध्ये आहे. युद्धात कलाकृती उचलायला स्पष्ट मनाई करणारे हेगचे नियम १८९९ आणि १९०७ चे. सांस्कृतिक संपत्तीबद्दलचा हेग करार १९५४ चा, चोरट्या व्यापाराबद्दलचा युनेस्कोचा करार १९७० चा. यातलं काहीही मागे जाऊन लागू होत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कायद्याने युद्धातली लूट राजाची, आणि राजा ती फौजेत वाटून द्यायचा. त्यासाठी खास अधिकारी नेमलेले असत आणि दख्खनच्या लुटीतला वाटा कोणाला किती यावरून गोरे अधिकारी आपसांत वर्षानुवर्षं भांडत राहिले. तेव्हाच्या त्यांच्या लेखी हा सगळा रीतसर व्यवहार होता.

याला छेद देणारा एकच दस्तऐवज मला फार महत्त्वाचा वाटतो. ५ जानेवारी १९४३ ला मित्रराष्ट्रांनी लंडनमध्ये जाहीर केलं की शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशात झालेलं मालमत्तेचं कोणतंही हस्तांतर आम्ही रद्द ठरवू शकतो. मग ते उघड लुटीने झालेलं असो की वरवर कायदेशीर दिसणाऱ्या व्यवहाराने, आणि मालकाने ते राजीखुशीने केलं असं कागदावर म्हटलेलं असलं तरीही. दानपत्राच्या मागे काय दडलंय ते बघायचा अधिकार इथून आला. नाझी लुटीचे पुढचे सगळे दावे या विचारावर उभे आहेत. सही करणाऱ्यांच्या यादीत भारताचं नाव आहे, तेव्हाचा ब्रिटिश भारत. ज्या सरकारच्या कोठारांत पुण्या-नागपूरचा, श्रीरंगपट्टणचा माल होता, त्यानेच भारताच्या नावाने ही सही केली. फक्त तत्त्व ‘शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशा’पुरतं होतं.

ब्रिटनमध्ये आणखी एक भिंत आहे. तिथली राष्ट्रीय संग्रहालयं त्यांना वाटलं तरी वस्तू देऊ शकत नाहीत. ब्रिटिश म्युझियमवर १९६३ च्या कायद्याचं बंधन, वाघनखं असलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमवर १९८३ च्या. ही सबब आहे असं अनेकांना वाटतं. सबब म्हणून ती सोयीची आहे हे खरंच, पण कायद्याने ती पक्की आहे. गेस्टापोने झेकोस्लोव्हाकियातल्या फेल्डमन कुटुंबाकडून नेलेली चार रेखाटनं परत द्यायला ब्रिटिश म्युझियम तयार होतं. २००५ मध्ये कोर्टाने सांगितलं की नैतिक जबाबदारी कितीही मोठी असो, संसदेचा कायदा ओलांडता येणार नाही. मग संसदेने २००९ मध्ये कायदा करून वाट काढली. पण ती नाझी काळातल्या वस्तूंपुरतीच. म्हणजे संसदेला भिंतीत दार पाडता येतं. कोणासाठी पाडायचं हा राजकारणाचा प्रश्न आहे आणि तिथून पुढे वकिलाचं काम संपून परराष्ट्र खात्याचं सुरू होतं.

मुत्सद्देगिरीचा रस्ता किती लांबचा असतो? मुसोलिनीच्या सैन्याने इथिओपियातल्या अक्सुमहून २४ मीटर उंचीचा दगडी स्तंभ १९३७ मध्ये रोमला नेला. १९४७ च्या शांतता करारात इटलीने लुटलेल्या वस्तू १८ महिन्यांत परत द्यायचं कबूल केलं. स्तंभ परत गेला २००५ मध्ये. लेखी करार हातात असताना ही कथा.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण कोरियाचं. १८६६ मध्ये फ्रेंच आरमाराने गांघ्वा बेटावरच्या राजग्रंथालयातून दरबारी समारंभांचे चित्रमय ग्रंथ नेले. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काम करणाऱ्या पार्क ब्योंग-सोन या कोरियन बाईंना ते १९७५ मध्ये तिथेच सापडले. १९९३ मध्ये फ्रान्सला सोलपासून निघणाऱ्या वेगवान रेल्वेचं कंत्राट हवं होतं, तेव्हा अध्यक्ष मितराँ सोलला जाताना त्यातला एक खंड घेऊन गेले. कंत्राट मिळालं, बाकीचे खंड नाही. कोरियातल्या एका संघटनेने पॅरिसमध्ये दावा लावला, तो हरला, कारण फ्रान्सच्या तेव्हाच्या कायद्याने सार्वजनिक संग्रहातली वस्तू कोणाला देताच येत नव्हती. शेवटी २०१० मध्ये दोन अध्यक्षांनी तोडगा काढला: पाच वर्षांच्या उसनवारीवर पाठवायचे आणि मुदत वाढवत राहायची. २०११ पर्यंत सगळे २९७ खंड सोलला पोचले. कागदोपत्री मालक फ्रान्स, पण ग्रंथ सोलमध्येच आहेत. कोरियात यावर टीका झाली, ‘आमचीच वस्तू आम्हाला उसनी?’ अशी, आणि ती रास्तच होती. तरीही सोलच्या मुत्सद्द्यांनी घेतलं ते योग्यच केलं असं माझं मत आहे. मुदतवाढीचं कलम त्यांनी आधीच पदरात पाडून घेतलं होतं, आपल्या वाटाघाटींसाठी शिकण्यासारखं आहे ते हे.

आता आपल्या तीन वस्तू, आणि तिघींची प्रकरणं वेगळी आहेत हे आधी मनात पक्कं करा. वाघनखांच्या पेटीवर लिहिलंय की साताऱ्याचा रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफला ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली. म्हणजे कागदावर ती भेट आहे, लूट नव्हे. आणि शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही असं संग्रहालयच सांगतं. अशा फायलीवर मालकीचा दावा कोर्टात टिकणार नाही. उसनवारी हाच तिथे शहाणपणा होता. मात्र उसनवारी घेताना देणाऱ्याची मालकी मान्य करावी लागते आणि परतीची हमी द्यावी लागते, हे ‘परत आणली’ म्हणून ढोल वाजवण्याआधी लक्षात ठेवायला हवं.

जगदंबा तलवार कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला नजर म्हणून गेली. तेव्हा महाराजांचं वय बारा-तेरा आणि कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. १९४३ च्या जाहीरनाम्याचा विचार इथे लावला तर ‘राजीखुशीने’ या शब्दावर प्रश्नचिन्ह नक्की लागतं. कायद्याने तो इथे लागत नाही, पण बोलणी करताना हा मुद्दा मी सगळ्यात आधी मांडेन. लूट म्हणण्यापेक्षा तो जास्त खरा आहे आणि म्हणून जास्त बोचणारा आहे.

रघुजी भोसल्यांची तलवार तिसऱ्या प्रकारची. युरोपीय पातं, म्हणून फिरंग, आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात रघुजींचं नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब. ओळख पटवायला याहून चांगली खूण मिळणं कठीण. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीने नागपूरच्या भोसल्यांची संपत्ती उचलली, तीत ही गेली असावी असा जाणकारांचा कयास. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या सोदबीच्या लिलावात आली आणि महाराष्ट्र सरकारने ४७.१५ लाख रुपयांना मध्यस्थामार्फत मिळवली. पैसे का द्यायचे, असं अनेकांनी विचारलं. लिलावापर्यंतच्या थोड्या दिवसांत दुसरा उपाय हाताशी नसेल तर घेऊन टाकणं बरं, खासगी संग्रहात एकदा गेली की पुन्हा पन्नास वर्षं दिसायची नाही.

पण दुसरा उपाय असतो, हे लगेच पुढच्या महिन्यात दिसलं. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथल्या बौद्ध स्तूपातली रत्नं सोदबी हाँगकाँगमध्ये ७ मे २०२५ ला विकणार होतं. ती युद्धातली लूट नव्हे, वसाहतकाळातल्या उत्खननातली. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाने कायदेशीर नोटीस दिली, जगभरातून ओरड झाली आणि लिलाव थांबला. जुलैअखेरीस रत्नं भारतात आली, गोदरेज समूहाने ती विकत घेतल्यामुळे. पैसे इथेही मोजले गेले, फरक इतकाच की ते बोलीच्या चढाओढीत नव्हे तर टेबलावर ठरले, आणि विकणारा दबावाखाली होता. लिलावघराला सगळ्यात जास्त भीती असते ती हक्काबद्दल शंका असलेल्या वस्तूची, कारण तिला गिऱ्हाईक मिळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी काय करायचं असं विचाराल तर तयारी आज करावी लागेल. पेशव्यांच्या, साताऱ्याच्या, नागपूरच्या जामदारखान्यांच्या मोडीतल्या याद्या पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि इतरत्र आहेत. समोरच्या बाजूची, लुटीच्या हिशोबाची आणि पत्रव्यवहाराची दप्तरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या नोंदींत आहेत. ही दोन्ही टोकं एकमेकांशी जुळवून कोणी सलग सूची केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. यादीत ‘तलवार १’ एवढंच असेल तर उपयोग नाही. मूठ कसली, म्यान कोणत्या रंगाचं, वजन किती, खडे किती, नाव कोरलंय का, असं जिथे लिहिलंय ती ओळ हवी. खाउडस्टिकरच्या काळ्या वहीने जे केलं ते आपल्याकडे मोडी वाचणारे चार तरुण आणि लंडनमध्ये बसलेला एक संशोधक पाच वर्षांत करू शकतील. अशी सूची हाताशी असेल तर लिलावाचा कॅटलॉग प्रसिद्ध झाल्याच्या दिवशीच नोटीस जाऊ शकते, तिला यादीतल्या पानाची प्रत जोडून. तशी नोटीस आली की लिलावघराचे वकील विकणाऱ्याला फोन करतात आणि बोलणी तिथून सुरू होतात.